वडापचा पाय, टुरिस्टची गाडी

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील समस्त होतकरू चालक, त्यांच्या काळजीत पडलेल्या बायका, त्यांना फुकट सल्ला देणारे मेव्हणे आणि फाट्याफाट्यावर हात वर करून उभी असलेली तमाम प्रवासी जनता यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, अठरा वर्षे वडाप चालवलेल्या एका माणसाने टुरिस्ट परमिटची गाडी घेतली आहे. सर्वांनी आपापल्या जबाबदारीवर रस्ता ओलांडावा.

तो माणूस मी.

हल्ली कुणी नवा गडी प्रवासी गाडी चालवायचा बॅज काढायला निघाला की मला गाठतो आणि विचारतो, "दादा, वडाप बरं का टुरिस्ट?" मी आधी चहा मागवतो, कारण हा प्रश्न उभ्या उभ्या सुटण्यातला नाही. कागदावर बघाल तर दोन्हीत फारसं अंतर दिसत नाही. दोन्हीला पिवळी नंबरपाटी, दोन्हीच्या चालकाला बॅज, दोन्हीला ठरल्या मुदतीला पासिंग, आणि दोन्हीचा इन्शुरन्स घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीपेक्षा जड. फरक आहे तो गाडी कुणाची, यात. वडापची काळी-पिवळी जीप सगळ्यांची. ती स्टँडवर नंबर लावून उभी राहते, येईल तो तिच्यात बसतो, वाटेत हात करील त्याला ती घेते आणि उतरताना प्रत्येक जण आपल्यापुरतं भाडं देतो. टुरिस्टची गाडी त्या दिवसापुरती एकाची. त्यानं फोन करून बोलवायची, अख्खी गाडी त्याची, आणि वाटेत हात करणाऱ्याला ती नाहीच. त्याला माणशी भाड्यानं बसवलं तर परमिटाचा भंग.

बास. एवढंच. माझ्या मेव्हण्यानं मला हे एका दमात सांगितलं आणि मलाही ते एका दमात समजलं. पण हे समजायचं ते डोक्याला, आणि गाडी चालवतात ते पाय.

माझी जीप कागदावर नऊ माणसांची होती. नवाच्या पुढं कायदा संपायचा आणि माणुसकी सुरू व्हायची. पुढच्या बाकावर माझ्या शेजारी तिघं, त्यातला एक गिअरच्या दोन्ही अंगांना पाय टाकून बसलेला. त्याला जागा व्हावी म्हणून मी उजव्या दाराला चिकटून, अर्धं बूड सीटवर आणि अर्धं हवेत. दुसरा गिअर टाकताना शेजारच्याला "पाव्हणं, जरा गुडघा" म्हणायचं, चौथा टाकताना तो आपणहून उचलायचा. अशी अठरा वर्षं गेली. मग कंबरेनं संप केला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, बराच वेळ मान तिरकी करून बघितला आणि विचारलं, "तुम्ही काय खिडकीतून बाहेर लटकून गाडी चालवता का?"

मी म्हणालो, "व्हय."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

घरी बायकोनं फर्मान काढलं. तिचं म्हणणं होतं की मी आता घरच्या सोफ्यावरही कडेलाच बसतो आणि मध्ये तीन माणसांची जागा मोकळी सोडतो. भाचीच्या लग्नातल्या फोटोत मी एकटाच असा तिरका दिसतो, जणू शेजारी कुणी अदृश्य पाहुणा बसलाय. तिनं तो फोटो पुरावा म्हणून डॉक्टरांकडं आणला होता. तेव्हा जीप विकली. स्टँडवरचा नंबर सोडला. हे दुसरं जास्त अवघड. जीप काय, पुन्हा घेता येते. नंबर मात्र एकदा सोडला की सोडला. तो मागच्या माणसाला जातो, त्याच्या मागचा पुढं सरकतो, आणि रांग अशी मिटते की तिथं कधी तुम्ही होता हे खुणेलाही राहत नाही. परत मागायला गेलेल्याला स्टँडवर लोक प्रेमानं चहा पाजतात, नंबर देत नाहीत.

म्हणजे परतीची वाट बंद. दारात नवी कोरी सात सीटर पांढरी गाडी, तिच्यावर टुरिस्टचं परमिट आणि काम शून्य.

इथं माझ्या मेव्हण्याचा प्रवेश होतो. हा बायकोचा धाकटा भाऊ, टुरिस्ट लाइनमध्ये बरीच वर्षं मुरलेला. पांढरा कडक युनिफॉर्म, काळा गॉगल. तो जवळ येण्याआधी त्याच्या गाडीतल्या अत्तराचा वास येतो आणि तो बोलतो तेव्हा आवाजसुद्धा एसीतून आल्यासारखा गार येतो. त्यानं बातमी आणली. बारामती एमआयडीसीतल्या एका दुधाच्या कंपनीत पुण्याहून बदलून मॅडम आल्या होत्या. त्यांना इंदापूर तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रांवर फिरायला महिन्यावर गाडी हवी होती. एक दिवस चाचणी. मॅडमना चालक पटला तर वर्षभराचं काम.

"आन न्हाय पटला तर?" मी विचारलं.

"तर दाजी, लग्नसराईत बोनेटला झेंडूच्या माळा बांधायच्या. सराई संपली की गाडीवर ताडपत्री टाकायची आन तिच्या सावलीला बसायचं."

बायको आतून म्हणाली, "आन मी ताडपत्रीवर पापड वाळवीन."

मेव्हण्यानं मग मला समोर बसवलं आणि गॉगल काढला. तो गॉगल फक्त अंत्ययात्रेत आणि आरटीओच्या खिडकीपाशी काढतो, त्यामुळं मी सावरून बसलो.

"दाजी, नियम तीन. विचारल्याबिगर बोलायचं न्हाय. वाटंत थांबायचं न्हाय. कुणाला गाडीत घ्यायचं न्हाय."

"वळखीचं असलं तरी?"

"सख्खा बाप असला तरी."

"वडील वारलेत माझे."

"मग तर सोपं हाय."

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात रंगीत तालीम झाली. एकामागं एक दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. पुढच्या खुर्चीवर मी, हातात स्टेअरिंग म्हणून कणकेची परात. मागच्या खुर्चीवर बायको, मेव्हण्याचा गॉगल लावून, मांडीवर पर्स घेऊन, एका घटकेत पार पुण्याची झालेली.

"ड्रायव्हर, एसी कमी करा," ती म्हणाली.

मी परातीच्या काठावर एक बटण दाबलं.

"ड्रायव्हर, असं वाकडं का बसलाय? शेजारी कोण हाय?"

मी मधोमध सरकलो. अंगातली सगळी हाडं कुरकुरली. इतकी मोकळी जागा मला लग्नाच्या पाटावरही मिळाली नव्हती. आम्ही परातीवरनं पिंपळीपर्यंत पोचलो असू, इतक्यात मॅडम उठल्या, गॉगल कपाळावर सारला, तुळशीकट्ट्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि हात वर करून ओरडल्या, "ओ दादा! भवानीनगर!"

माझा पाय जमिनीवर करकचून दाबला गेला आणि तोंडातून शब्द निघाले, "बसा मावशी, मागं सरका."

"नापास!" बायकोनं निकाल लावला.

अकरा वेळा नापास झालो. मग ती युक्त्या करायला लागली. कधी लंगडत आली, कधी पोटुशी होऊन आली, एकदा तर चक्क माझ्या सासूबाईंच्या आवाजात हाक मारली. बाराव्या वेळी मी परात घट्ट धरून, डोळे मिटून तिच्या अंगावरनं गाडी पुढं काढली. तिनं टाळ्या वाजवल्या. शेजारीण भिंतीवरून विचारती झाली, "काय चाललंय?" बायको म्हणाली, "आमचे हे टुरिस्ट झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी कंपनीच्या गेटवर हजर. जनरल पाळीची माणसं मोटारसायकलींवरून आत वाहत होती. माझा शर्ट पांढरा, दाढी गुळगुळीत, गाडीत पाण्याच्या बाटल्या, टिश्यूपेपरचा डबा आणि मेव्हण्यानं उदार मनानं अर्धी बाटली ओतलेलं अत्तर. मॅडम आल्या. तिशीच्या आसपास, चष्मा, खांद्याला लॅपटॉपची बॅग, पायात चालायच्या चपला. मी दार उघडलं, त्या मधल्या सीटवर बसल्या, मी दार लावलं, पुढं बसलो, चावी फिरवली.

आणि आम्ही तिथंच उभे.

एसी चालू, इंजिन चालू, मॅडम मोबाइलमध्ये, मी समोर काचेत. पाच मिनिटं गेली असतील. गेटवरचा वॉचमन आमच्याकडं बघायला लागला. मीही त्याच्याकडं बघत होतो, की हा येतोय का इंदापूरला.

"आपण कुणाची वाट बघतोय का?" मागून अदबीचा प्रश्न आला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी गाडी भरायची वाट बघत होतो! अठरा वर्षांत एका सीटवर, म्हणजे एका प्रवाशावर, मी स्टँड सोडला नव्हता, तर पाय आता कसा सोडील? शिवाय गाडी भरली की मागं कुणीतरी पत्र्यावर दोन थापा मारतो, त्या थापा पडल्याशिवाय माझा क्लच सुटत नाही. इथं थापा मारणार कोण, मॅडम?

"इंजिन, मॅडम," मी म्हणालो. "गरम होतंय."

"ओके," त्या म्हणाल्या. चांगल्या घरची माणसं ड्रायव्हरच्या तोंडावर त्याला खोटारडा म्हणत नाहीत.

रस्त्याला लागलो. अकरा वाजता निमगाव केतकीच्या पुढच्या एका गावात गवळ्यांची बैठक होती, त्याआधी पोचायचं होतं. पिंपळीला पहिला हात दिसला. ओळखीचा गृहस्थ, बँकेच्या कामाला जाणारा, वर्षानुवर्षं माझ्याच जीपचा. त्यानं नवी गाडी ओळखली नाही, पण चालक ओळखला. हात वर, तोंडभर हसू. मी दात आवळले, नजर समोर, आणि निघून गेलो. आरशात बघितलं तर त्याचा हात अजून वरच होता. आता त्याला तो खाली घ्यायचं सुचत नव्हतं. मला वाटलं आपण माणूस मारून पळतोय.

भवानीनगरला तर माझी परीक्षाच मांडली होती. कारखान्याचा हंगाम, उसाच्या ट्रॉलींची रांग, त्यामुळं गाडी मुंगीच्या पावलानं. चौकात माझे जुने सोबती आपापल्या काळ्या-पिवळ्या लावून उभे. एकानं मला काचेतून बघितलं, मागं मॅडमना बघितलं आणि साऱ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडला, "आरं ए! एका सीटवर इंदापूर? डिझेल काय झाडाला लागतंय व्हय तुझ्या?"

दुसरा म्हणाला, "साहेब झालाय त्यो. मधोमध बसलाय बघ कसा!"

"काय म्हणाले ते?" मॅडमनी विचारलं.

विचारल्यावर बोलायला हरकत नव्हती. "शुभेच्छा दिल्या, मॅडम."

तिथून बेलवाडीपर्यंत मी सात हात मोडले, म्हणजे हात करणारे सात जण तसेच मागं टाकले. सात! मेव्हण्याला अभिमान वाटावा अशी कामगिरी. कंबर सरळ, मान ताठ, तोंड बंद. मनात वर्षभराचं काम पक्कं करून मी सीटकव्हरांचा रंगसुद्धा ठरवला होता.

आणि बेलवाडीच्या फाट्यावर मावशी दिसल्या.

या मावशींचं नाव मला आजही ठाऊक नाही, पण त्यांचा मंगळवार मला पाठ. दर मंगळवारी त्या इंदापूरला लेकीकडं जातात. हात बीत करत नाहीत. सरळ डांबरीवर येऊन उभ्या राहतात आणि पिशवी पुढं धरतात, टोलनाक्याच्या दांडीसारखी. मी शपथेवर सांगतो, गाडी मी थांबवली नाही. पायानं थांबवली. दारही मी उघडलं नाही, ते मावशींनी उघडलं आणि मॅडमना म्हणाल्या, "सरा ताई वाईच."

मॅडम सरल्या!

मी तोंड उघडलं. सांगायचं होतं की मावशी, ही गाडी तसली नाही, खाली उतरा, माझ्या पोटावर पाय देऊ नका. प्रत्यक्षात बाहेर आलं ते असं, "दार जोरात ओढा मावशी, नवं हाय."

आता ज्यांनी वडाप चालवलंय त्यांना पुढचं सांगायला नको. गाडी एकासाठी थांबली की ती सगळ्यांसाठी थांबते. टपरीवरून एक तात्या धोतर सावरत पळत आले आणि पुढं माझ्या शेजारी बसले. बसले म्हणजे मी सवयीनं दाराकडं सरकून सोडलेल्या जागेत अर्धे येऊन टेकले. खुरपणीला निघालेल्या दोघी जणी मागच्या सीटवर चढल्या, मांडीवर डब्याच्या पिशव्या, त्यातून खुरप्यांची टोकं वर आलेली. टपरीवाल्यानं गाडीच्या पाठीवर दोन थापा मारल्या. आणि काय सांगू, सकाळपासून पहिल्यांदा क्लच लोण्यासारखा सुटला.

पाचव्या मिनिटाला मला कळलं मी काय केलं ते. सात हात मोडून कमावलेलं सगळं एका पिशवीपुढं गेलं. आरशात मॅडमचा चेहरा बघितला. राग होता की धक्का, काही वाचता येईना. चष्म्यावर उन्हाची तिरीप. मी मनातल्या मनात ताडपत्री उलगडली.

"नवी गाडी व्हय?" तात्या म्हणाले. "एवढं गार कशापायी केलंय? काच घे खाली, हवा येऊंदे." आणि त्यांनीच बटण दाबून काच खाली घेतली. पाच मिनिटांत अर्धी बाटली अत्तर अंथुर्ण्याच्या उसात उडून गेलं.

मागं मावशींची चौकशी सुरू झाली होती.

"कुटवर जाणार ताई?"

"निमगावच्या थोडं पुढे."

"कुणाकडं?"

"कामाला आहे मी. दुधाच्या कंपनीत."

 हे ऐकताच मागच्या सीटवरच्या त्या दोघींपैकी एक पुढं वाकली. "मग आमच्या दुधाला फॅट का कमी लागती हो? म्हशीला सरकी घालतो, पेंड घालतो, आन मशिनीवर आकडा बगावा तर पाणी घातल्यावानी."

मला वाटलं आता मॅडम काच खाली घेऊन उडी मारतील. त्यांनी बॅगेतून वही काढली. "कुठल्या केंद्रावर घालता? सकाळचं की संध्याकाळचं? दूध काढल्यावर किती वेळानं पोचतं?" आणि ती बाई अशी बोलायला लागली की खुरपं पिशवीतून निसटून माझ्या सीटला टोचलं तरी तिला भान नाही. दुसरी तिला दुरुस्त करत होती. तात्या मागं वळून आपल्या गाईचं गाऱ्हाणं सांगत होते. मॅडम लिहीत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "हे मला दोन महिन्यांत बैठकीत कुणी सांगितलं नाही."

"बैठकीत?" तात्या हसले. "बैठकीत साहेब बोलत्यात. आमी चहा पितो."

मग मावशींनी मुद्द्याला हात घातला.

"लगीन झालंय का गं?"

"नाही मावशी."

"का बरं?"

"वेळच नाही मिळाला."

"माझ्या पोराला वेळच वेळ हाय बग," मावशी म्हणाल्या आणि गाडीत एकच हशा पिकला. हसणं ओसरल्यावर त्या जरा हळू बोलल्या. "तीन एकर ऊस हाय. ठिबक केलंय. चार गायी. पोरगं शिकल्यालं, दारूच्या वासाला जात न्हाय. चौदा ठिकाणी जाऊन आलो ताई. पोरी म्हंत्यात, शेतकरी नगं, एमआयडीसीत वॉचमन असला तरी चालंल. घरात दिस मावळला की दोगंच असतो आमी. त्यो माझ्याकडं बगतो आन मी त्याच्याकडं."

 पुढं उसाची ट्रॉली होती, तरी मी हॉर्न वाजवला नाही.

"माझे वडीलही शेतीच करतात, मावशी," मॅडम म्हणाल्या.

मावशींनी मान वळवून त्यांच्याकडं नीट, खालून वरपर्यंत बघितलं. बाजारात कालवड बघतात तसं. त्या नजरेत काहीतरी ठरत होतं, हे मला आरशातून दिसलं, पण तिकडं लक्ष द्यायला सवड मिळाली नाही. कारण शेळगाव मागं पडलं आणि पुढच्या वळणावर लिंबाच्या सावलीला आरटीओचं पथक उभं होतं.

हात झाला. हा हात कुणालाच मोडता येत नाही.

अधिकारी शांत माणूस. वाकून आत बघितलं. पिवळी पाटी, टुरिस्टचं परमिट. पुढं धोतर, मागं खुरपी, मध्ये पिशवी. त्यांच्या चेहऱ्यावर अशी कळा आली, जशी मास्तरांना कॉपी सापडल्यावर येते.

"काय मालक, टुरिस्टवर वडाप चाललंय का?"

अठरा वर्षांत माझी जीभ कुठल्या अधिकाऱ्यापुढं अडखळली नव्हती.  आज मी नुसते कागद पुढं केले. कागद सगळे बरोबर होते, चुकीचा होतो तो मी. केस झाली तर दंड भरता आला असता, पण कंपनीच्या मॅडमना गाडीत बसवून पहिल्याच दिवशी परमिट मोडणाऱ्याला वर्षभराचं काम कोण देतंय? आणि नंबर तर सोडलेला.

"पार्टी कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मी," मॅडम म्हणाल्या आणि ओळखपत्र दाखवलं. "गाडी आमच्या कंपनीनं दिवसभरासाठी घेतली आहे."

"आणि ही बाकीची मंडळी?"

आरशात माझे आणि मॅडमचे डोळे एकमेकांना भिडले. त्यांनी खरं सांगितलं असतं, की ही माणसं यानं मला न विचारता वाटेत भरली, तर त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. मी नजर खाली घेतली.

"माझे पाहुणे," मॅडम म्हणाल्या. "अख्खी गाडी माझ्या कामाला आहे. आत कोण बसणार ते मी ठरवते."

"सगळे पाहुणे?"

"सगळे. माणसं सहा आणि मी सातवी... नाही, ड्रायव्हर धरून सहा. सीट सात आहेत. मोजा."

अधिकाऱ्यांनी मोजलं. मग ते तात्यांकडं वळले. "काय तात्या, ह्यांना भाडं किती दिलं?"

तात्या आयुष्यभर खरं बोलत आलेला माणूस. "आजून दिलं न्हाय," ते अभिमानानं म्हणाले. "उतरल्याबिगर कोण देतंय?"

मी स्टेअरिंगवर कपाळ टेकवलं. हॉर्न वाजला.

अधिकारी आता मधल्या खिडकीशी गेले. थेट मावशींना विचारलं, "आजी, खरं सांगा. ह्या बाई तुमच्या कोण लागतात?"

इथं मी जरा थांबतो, कारण होतकरू चालकांचा जीव टांगणीला ठेवणं बरं नाही. केस झाली नाही, वर्षभराचं ते काम मला मिळालं आणि आजही माझ्याकडंच आहे. त्याच दिवशी परतीच्या वाटेवर मॅडमनी मला गाडी बाजूला घ्यायला लावून चांगलं झापलं. दुसऱ्यानं दिवसभरासाठी घेतलेल्या गाडीत त्याला न विचारता माणसं भरणं ही फसवणूक आहे, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, त्यामुळं ते जास्त लागलं. मग अट घातली. हात दिसला की आधी त्यांना विचारायचं. त्या हो म्हणाल्या तरच थांबायचं, आणि बसणाऱ्याकडून एक रुपया घ्यायचा नाही, कारण तो त्यांचा पाहुणा. बैठकीत न कळणारं दुधाचं गाऱ्हाणं त्यांना आता वाटेतच कळतं. होतकरू चालकांनो, वडाप आणि टुरिस्टमधला खरा फरक हा असा आहे. वडापमध्ये कुणाला घ्यायचं ते रस्ता ठरवतो, टुरिस्टमध्ये मागच्या सीटवरचा माणूस. चालक दोन्हीकडं नुसता पाय. मेव्हण्याला यातलं मी काही सांगितलेलं नाही. पुढं त्या दोन घरांत काय बोलणं झालं, ते सांगायला मी मोकळा नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या वळणावर, लिंबाखाली, अधिकारी खिडकीत वाकलेले, मॅडमच्या हातात अजून ओळखपत्र, मी हॉर्नवरून कपाळ उचलतोय, आणि मावशींनी मॅडमचं मनगट आपल्या हातात घेतलं, पदर डोक्यावरनं नीट केला आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"कोण म्हंजी? व्हणारी सून हाय माझी!"